मागाचा आवाज, नान्नांचा आवाज: स्किझोफ्रेनियात मेंदू आवाज कसा ऐकतो?

कांडीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, भांडताना दोन्ही. थोरल्या भावाला, म्हणजे अन्नाला, सात वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आता तो ३६ चा आहे. गोळ्या चुकवत नाही, अम्माला बाजारातून भाजी आणून देतो, टीव्हीवर क्रिकेट बघतो. आवाज मात्र पूर्ण गेलेले नाहीत.

तो चार माग सांभाळायचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी गेला नसाल तर सांगते, आत बोललेलं ऐकू येत नाही, माणसं खुणेनं बोलतात. पण त्या खडखडाटात एखाद्या मागाचा ठेका जरा बिघडला, धोटा नीट बसला नाही, की विणकर पाठमोरा असला तरी त्याची मान वळते. नान्ना (आमचे वडील) तर शेजारच्या खोलीत जेवताना हातातला घास ठेवून उठायचे. आजार कळायच्या आधी वर्षभर अन्नाची मान वळेनाशी झाली. कापडात खोट येऊ लागली. "लक्ष नाही, फोनमध्ये असतो" म्हणून मालकानं पैसे कापले. आम्हीही घरी त्याला तेच सुनावलं.

मग आवाज सुरू झाले. नान्ना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचाच आवाज, तेलुगूत. कांड्या भर. दार लाव. पाणी आलंय, बादली लाव. (आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हा शेवटचा आवाज कधी कधी खराही ठरायचा. अम्मा आधी धावायची, मग रडायची.)

परवा नवीन डॉक्टर म्हणाले, "कानाचा प्रश्न नाही, मेंदू आवाज गाळतो त्या पद्धतीतच फरक असतो." बाहेर रांग होती, पुढचं विचारता आलं नाही. गाळतो म्हणजे काय? आणि मागाचा आवाज न कळणं आणि नान्नांचा आवाज येणं यांचा काही संबंध आहे का? कुणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा.

---

गड्डा_यात्री

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

---

माळावरचा

ताई, राग मानू नका, पण गेलेल्या माणसाचा आवाज येतो म्हणजे एकदा बाहेरचंही बघून घ्या. आमच्या गावाकडे एक जण आहेत, पैसे घेत नाहीत.

---

कांडीवाली

@माळावरचा, राग नाही. दोन वर्षं तेच बघितलं. पैसे न घेणारेच जास्त महाग पडले. कोंबडं, नारळ, गाडीभाडं आणि त्या दोन वर्षांत न घेतलेल्या गोळ्या. तो विषय इथे नको, प्लीज.

---

तरंगलहरी

कांडीवाली, मी मूळची जोडभावी पेठेतली, सध्या बेंगळुरूत ईईजीवर (डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी नोंदवण्याची पद्धत) काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. पण तुम्ही जे मागाचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. आम्ही प्रयोगशाळेत करतो तो प्रयोग तुमच्या नान्नांच्या शेडमध्ये रोज चालायचा.

प्रयोग असा. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, समोर मूकपट लावून द्यायचा आणि कानात टुक-टुक-टुक असे एकसारखे आवाज सोडायचे. "आवाजाकडे लक्ष देऊ नका, सिनेमा बघा," असं सांगायचं. मधूनच एखादा टुक किंचित लांब करायचा, नाहीतर त्याचा सूर थोडा बदलायचा. माणूस सिनेमातच असतो, पण बदललेल्या आवाजानंतर साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत ईईजीत एक खळगा उमटतो. मेंदूनं परस्पर नोंद केलेली असते की ठेका मोडला. याला मिसमॅच निगेटिव्हिटी म्हणतात. फिनलंडचे रिस्तो नॅटानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. स्किझोफ्रेनियात हा खळगा उथळ असतो, हे १९९१ पासून कितीतरी प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलंय. विशेषतः आवाजाची लांबी बदलते तेव्हा.

म्हणजे अन्नाचं "लक्ष नव्हतं" हा आरोप बहुधा उलटा आहे. ही नोंद लक्ष द्यायच्या आधीच व्हायला हवी. मान वळवायची वेळ नंतर येते, आधी आतून कुणीतरी खांद्याला हात लावावा लागतो. तो हात हलका पडत असेल तर मान कशी वळणार?

आता सावधगिरीचं. तुमच्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं मी म्हणू शकत नाही. आजाराच्या आधीच्या काळात झोप उडते, मन दुसरीकडे असतं, त्यानंही खोट येईल. शिवाय हा फरक गटांच्या सरासरीत दिसतो. एकट्यादुकट्याचा ईईजी बघून "याला आहे, याला नाही" असं ठरवता येत नाही, निरोगी माणसांतही उथळ खळगे सापडतात. त्यामुळे कुणी "ईईजी काढून स्किझोफ्रेनिया ओळखून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका.

---

चादरवाला

आमचे बारा माग आहेत अक्कलकोट रोडला. वर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं. नवीन पोराला ताणा जोडायला, धोटा बदलायला शिकवता येतं, हा कान शिकवता येत नाही. सहा महिने शेडमध्ये काढले की आपोआप येतो. उलट माग अचानक बंद पडले, लाईट गेली, की शांततेनंच दचकायला होतं. तेही हेच का?

आणि धागाकर्तीताई, पैसे कापणाऱ्यांपैकी मीही एक आहे. तुमच्याच अन्नाचे नसतील, पण कुणाचे तरी असतील.

---

तरंगलहरी

@चादरवाला, हो, अपेक्षित आवाज आलाच नाही तरी मेंदू नोंद करतो. थोडक्यात, मेंदू ऐकत बसत नाही, पुढे काय ऐकू येणार याचा अंदाज बांधत बसतो, आणि अंदाज चुकला की हलतो. सगळेच शास्त्रज्ञ याच शब्दांत मांडत नाहीत, पण मला हे पटतं.

---

रात्रपाळी

या विषयावर मी आतल्या बाजूनं बोलू शकतो. ४१ वय, निदानाला अठरा वर्षं. सोलापूरचाच, आता पुण्यात नोकरी.

गाळण्याबद्दल विचारलंत ना? तुम्ही हॉटेलात बसलात की समोरच्याचं बोलणं ऐकता. कपबश्यांचा आवाज, मिक्सर, मागच्या टेबलावरच्या गॅरेजवाल्यांच्या गप्पा, हे सगळं मागच्या बाकावर बसलेलं असतं. माझ्याकडे वाईट दिवसांत मागचा बाकच नसतो. सगळे पहिल्या रांगेत. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या प्रत्येकाचं माझ्याशी काहीतरी काम आहे असं वाटू लागतं. मिक्सर आत्ताच का लावला? बशी माझ्याकडे बघून का आपटली? तिथून पुढे कुणीतरी पाळत ठेवतंय इथवर जायला फार वेळ लागत नाही. घरचे म्हणायचे, संशयी झालाय. मला विचाराल तर संशय नंतर आला, गोंगाट आधी.

माझे आवाज पंख्यातून यायचे. पंखा बंद केला की कमी व्हायचे, म्हणून भर मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हाळ्यात, पंखा बंद करून बसायचो. आई ओरडायची. तिला काय सांगणार?

(मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.)

---

कांडीवाली

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद अन्नाला वाचून दाखवला. तो "मागचा बाक" या शब्दावर थांबला. मग म्हणाला, "बरोबर लिहिलंय बे यानं." आज दिवसभरात एवढंच बोलला. पण बोलला.

---

तरंगलहरी

रात्रपाळींनी जे लिहिलंय त्याचाही एक जुना प्रयोग आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन टकटक ऐकवायच्या. पहिल्या टकटकीनंतर ५० मिलिसेकंदांच्या आसपास ईईजीत एक लाट येते, तिला पी-५० म्हणतात. दुसऱ्या टकटकीला बहुतेकांची लाट बरीच लहान होते. मेंदू म्हणतो, तेच आहे, कळलं, सोड. स्किझोफ्रेनियात दुसरी लाटही पहिलीइतकी किंवा जवळपास तेवढीच राहते. कोलोरॅडोच्या अ‍ॅडलर, फ्रीडमन वगैरेंनी हे १९८२ मध्ये दाखवलं. नंतर रुग्णांच्या अगदी धडधाकट नातेवाइकांतही काहींमध्ये हे सापडलं, त्यामुळे अनुवंशाचा शोध सुरू झाला आणि १५ व्या गुणसूत्रावरच्या एका निकोटिन-ग्राहीच्या (पेशीवर निकोटिन जिथे चिकटतं ती जागा) जनुकापर्यंत पोचला.

निकोटिन म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. सिगारेट ओढल्यावर काही वेळापुरती ती दुसरी लाट लहान होते, हेही त्याच गटानं १९९३ मध्ये दाखवलं. काही वेळापुरतीच. स्किझोफ्रेनियात धूम्रपानाचं प्रमाण एवढं जास्त का, याचं हे एक कारण असावं असं मानतात. एकमेव नाही. कंटाळा, रिकामा वेळ, औषधांची सुस्ती, हे सगळं आहेच. आणि त्या ग्राहीवर बेतलेली नवी औषधं मोठ्या चाचण्यांत टिकली नाहीत, हेही सांगून टाकते, नाहीतर कुणी शोधत बसेल.

---

कांडीवाली

बाई गं. अम्मा विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजारभर. आणि अन्ना रोज दीड-दोन कट्टे ओढतो. अम्मा म्हणते, "मीच वळते आणि माझंच पोर ओढतं." आम्हाला वाटायचं व्यसन, दुसरं काय. मागच्या महिन्यात काकांनी सगळ्या विड्या काढून घेतल्या. चार दिवस नुसता पडून होता, लाळ गळत होती, उठवलं तरी उठेना. आम्ही म्हटलं, सवय सुटतेय.

---

औषधी_रेषा

@कांडीवाली, थांबा. मी फार्मासिस्ट आहे. अन्नाला क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची एक गोळी) चालू आहे का? असेल तर हे आधी वाचा.

विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे (निकोटिनमुळे नव्हे, जळलेल्या धुरामुळे) यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात चालतं आणि क्लोझापिन लवकर फस्त करतं. ओढणाऱ्याचा डोस त्या हिशोबानं बसवलेला असतो. ओढणं एकदम बंद केलं तर तोच डोस काही दिवसांत जास्त होऊ लागतो. झोप, लाळ, गुंगी, कधी त्याहून गंभीर, फिटसुद्धा. विडी सोडवायला हवीच, पण डॉक्टरांना आधी सांगून, डोस बघून. ओलान्झापिन या दुसऱ्या गोळीचंही काही प्रमाणात तसंच. स्वतःहून गोळी कमी करू नका, उद्याच फोन करा.

---

कांडीवाली

क्लोझापिनच आहे. काकांना हा प्रतिसाद दाखवला, ते गप्प झाले. उद्या सकाळी जाते.

---

गड्डा_यात्री

रुमाल टाकल्याचं सार्थक झालं. एक बाळबोध शंका. गाळणी सैल असेल तर गोंगाट वाढेल हे कळलं. पण नसलेला आवाज कुठून येतो? आणि तो नेमका वडिलांचा?

---

तरंगलहरी

बाळबोध नाही, यातच सगळं अडलंय. पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. एक धागा मात्र मला फार आवडतो, तो रातकिड्यापासून सुरू होतो.

रातकिडा एवढा कर्कश ओरडतो, त्याचे कान त्याच्याच पुढच्या पायांवर असतात, मग तो बहिरा कसा होत नाही? पौले आणि हेडविग यांनी २००६ मध्ये दाखवलं की पंख घासायचा हुकूम निघतो तेव्हाच एक चेतापेशी त्याच्या ऐकण्याच्या यंत्रणेला निरोप देते: हा आवाज आपलाच, दुर्लक्ष कर. एकच पेशी!

आपल्यातही असा निरोप जातो. आपण बोलतो तेव्हा आपल्याच आवाजाला श्रवणकेंद्राचा प्रतिसाद दबलेला असतो, तोच आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तर जास्त येतो. जुडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलॉन यांनी दाखवलं की स्किझोफ्रेनियात हे दबणं कमी पडतं. आता मनातल्या मनात बोलणं हेही बोलणंच. "अरे, दार लावायचं राहिलं" हे आपण मनात म्हणतोच की. तो "आपलाच" असा शिक्का बसायचा राहिला तर ते वाक्य कुणाचं वाटेल? स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत, कारण निरोप आधी पोचलेला असतो. असे आवाज ऐकणाऱ्यांना स्वतःच्या हाताच्या गुदगुल्याही दुसऱ्यानं केल्यासारख्या जाणवतात, हे लंडनमध्ये २००० साली तपासलंय.

यात भोकं आहेत. मनातलं बोलणं माझ्याच आवाजात असतं, मग ऐकू येणारा आवाज वडिलांचा का? शिव्या देणारा का? त्याला ही उपपत्ती पुरत नाही.

---

रात्रपाळी

भोकं आहेत याला अनुमोदन. माझा एक आवाज मला न येणारी कविता म्हणायचा. पण गुणगुणलं की आवाज दबतो हे मात्र शंभर टक्के. माझं तोंड गाण्यात अडकलं की त्यांना तोंड मिळत नाही. ऑफिसात सगळे समजतात मी खुशीत आहे.

---

श्रवणा

ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारी) आहे. उशिरा आले. एक मुद्दा राहून जातोय. "कानाचा प्रश्न नाही" हे डॉक्टर कशावरून म्हणाले? यंत्रमागाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांची श्रवणशक्ती उंच पट्टीत, ४००० हर्ट्‌झच्या आसपास, आधी खाली येते. बोलणं ऐकू येतं पण गर्दीत शब्द तुटतात, त यायचा तिथे क ऐकू येतो. मेंदूच्या गाळणीवर आधीच ताण असेल तर वरून अशी अर्धवट वाक्यं येणं बरं नाही. कमी ऐकू येणं आणि मनोविकृतीची लक्षणं यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. अन्नाच्या ऐकण्याच्या तपासणीचा आलेख काढलाय का?

---

कांडीवाली

@श्रवणा, परवा काढला. दोन्ही कान ४००० ला खाली आलेत, उजवा जास्त. म्हणजे कानाचाही प्रश्न आहेच. डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले "अच्छा". क्लोझापिनचा डोस मात्र त्यांनी लगेच बदलला आणि रक्त तपासायला सांगितलं. औषधी_रेषा, तुमचे उपकार कसे फेडू. विड्या आता दिवसाला दोन कमी, असं ठरलंय.

आज वेगळंच विचारायचंय. काका सकाळी अकराला अन्नाला म्हणतात, "या साहेब, उठलात का? चहा मागवू का?" अन्ना म्हणतो, "हो, मागवा." काकांचा पारा चढतो, उर्मट झालाय म्हणतात. मला आता शंका येतेय, की त्याला तो टोमणा ऐकूच येत नसेल?

---

तरंगलहरी

तुमची शंका रास्त आहे. दोन सूर लागोपाठ वाजवून "सारखे की वेगळे?" विचारलं तर स्किझोफ्रेनियात अनेकांना सुरांतला फरक जास्त असावा लागतो, तेव्हा कळतो. आणि ज्यांना सुरातला फरक कळायला जड जातं त्यांनाच बोलण्यातला राग, उपरोध, आनंद ओळखायला जास्त जड जातं, असं डॅनियल जॅव्हिट यांच्या गटाच्या कामात दिसलंय. टोमणा शब्दांत नसतोच ना, "साहेब"वर चढलेल्या सुरात असतो. तो सूर सपाट ऐकू आला तर उरतं काय? काका चहा विचारतायत.

आपल्या सोलापुरात तर "काय बे" या दोन शब्दांत शिवी, लाड, चौकशी आणि धमकी, सगळं सुरावर चालतं. विचार करा.

---

चादरवाला

"काय बे"वर प्रबंध होईल. पण खरंय.

---

गड्डा_यात्री

अवांतर: मिरवणुकीतल्या डीजेचं काय करता? नंदीध्वजांच्या वेळी ठीक, हलग्या असतात, पण एरवी?

---

रात्रपाळी

कानात बोळे, आतली खोली आणि आवडीचं गाणं हेडफोनवर. एकदा तर मी हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढून त्या दिवसापुरता गावच सोडला होता. ट्रेनचा ठेका चालतो मला. एकसारखा असतो.

---

तरंगलहरी

शेवटचं एक, मग मी चार दिवस नाही. गड्डा_यात्रींनी विचारलं होतं, वडिलांचाच आवाज का. स्टॅनफर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास आहे. अमेरिकेतलं सॅन मॅटेओ, घानामधलं आक्रा आणि आपलं चेन्नई, प्रत्येक ठिकाणी वीस रुग्णांशी बोलून केलेला. अमेरिकेतल्यांचे आवाज बहुतेक अनोळखी, हिंसक. चेन्नईत निम्म्याहून जास्त लोकांना नातेवाइकांचे आवाज यायचे, आणि ते सांगायचे काय, तर घरातली कामं. वीसच माणसं आहेत, फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण "पाणी आलंय, बादली लाव" वाचलं तेव्हा मला तोच अभ्यास आठवला होता.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हे नव्यानं सुरू झालं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आवाज जर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालय.

---

कांडीवाली

सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही. काका आता "अन्ना, उठ, अकरा वाजले" असं सरळ म्हणतात. त्यांना जमत नाही, चेहरा वाकडा होतो, पण म्हणतात. अन्नाची खाट रस्त्याकडच्या खोलीतून मागे हलवली. अम्माला मूकपटाचा प्रयोग समजावून सांगितला, ती म्हणाली, "हे तर तुझे नान्ना बिनवायरचं करायचे."

काल रात्री अन्नाला विचारलं, आज नान्ना काय म्हणाले? म्हणाला, "दिवा बंद कर, एवढंच."

"मग, केलास का?"

"दिवा बंदच होता."